डांबराच्या रस्त्यात तेलाची बुंदी

गेल्या वर्षी आषाढी एकादशी होऊन दोन-चार दिवस झाले असतील, बाहेर आमच्या बेळगावचा तो चिकट पाऊस, धो धो पण नाही आणि थांबत पण नाही असला, आणि मी आणि माझा भाचा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पातेल्यात पांढऱ्या गोळ्या पाडत बसलो होतो. आई देवघरातून आली, बघितलं, म्हणाली "परत साबुदाणा? एकादशी झाली की रे." म्हणलं साबुदाणा नव्हे आई, रस्त्याचं औषध आहे. तिनं एक गोळी उचलली, दोन बोटांत दाबली, बोटाला तेल लागलं, हुंगलं, आणि म्हणाली हे तर आपलं सूर्यफुलाचं तेल आहे, इथं माणसाला लिटर केवढ्याला पडतंय आणि तू रस्त्याला पाजायलाईस?

प्रश्न बरोबर होता. मला वर्षभर तोच प्रश्न पुरलाय, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी सांगतो मी कोण. खानापूर रोडच्या बाजूला एक हॉट मिक्स प्लांट आहे, म्हणजे खडी तापवून त्यात डांबर मिसळायचा कारखाना, त्याच्या लॅबमध्ये मी सोळा वर्षं आहे. लॅब म्हणजे काय, एक पत्र्याची खोली, एक ओव्हन, एक वॉटर बाथ, साच्यातलं मिक्स ठोकून घट्ट करायचा मार्शलचा हातोडा आणि चाळण्यांची उतरंड. लोकांना वाटतं मी इंजिनियर आहे, मी नाही, मी डांबराला सुई टोचणारा माणूस आहे. खरंच, ती टेस्टच तशी आहे, २५ डिग्रीला ठेवलेल्या डांबरावर १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंद सोडायची आणि किती आत गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. व्हीजी ३० या जातीचं डांबर असेल तर आकडा ४५ च्या खाली जाता कामा नये असं आयएस ७३, म्हणजे डांबराचं भारतीय मानक, म्हणतं. पूर्वी या सुईवरूनच डांबराला नावं होती, ६०/७०, ८०/१००, जुने मेस्त्री लोक अजून तसंच म्हणतात.

भाचा पिंट्या सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. ताई दिली आहे चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्रात, आणि पोरगा शिकतो बेळगावात, म्हणजे कर्नाटकात, त्यामुळे दर शनिवारी वेंगुर्ला रोडनं बाईकवर घरी जायचं आणि सोमवारी सकाळी परत. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि बाचीच्या पुढं शिनोळी आली की महाराष्ट्र. त्याचं म्हणणं, आपल्याकडचा रस्ता चांगला, तुमच्याकडचा वाईट. माझं म्हणणं उलटं. हा वाद सीमाभागातल्या प्रत्येक घरात आहे, याच्यावर आजवर कुठल्या आयोगानं काय म्हणलंय मला माहीत नाही पण कंबर दोन्हीकडं सारखीच दुखते.

तर त्यानं प्रोजेक्टला विषय घेतला कॅप्सूलमध्ये भरलेलं तेल डांबरात घालून रस्ता आपोआप भरून येणे, आणि मग मामाकडं आला की मामा तुमच्या लॅबमध्ये होईल का.

आता हे तेल कशाला, ते सांगतो, कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. डांबर म्हणजे एकजिनसी काळा चिखल असं वाटतं पण त्यात ढोबळमानानं चार जातीचे घटक असतात, अस्फाल्टीन, रेझिन, ॲरोमॅटिक आणि सॅच्युरेट. अस्फाल्टीन हे जड, कडक, त्याच्यामुळं डांबराला ताठपणा. बाकीचे तीन म्हणजे त्याला सांभाळून घेणारा तेलकट भाग. नवीन डांबरात हे प्रमाण ठीकठाक असतं. मग काय होतं, हवेतला ऑक्सिजन, ऊन, उष्णता हे सगळं मिळून तेलकट भाग कमी करत जातं आणि अस्फाल्टीन वाढवत जातं. यातला मोठा घाव तर रस्ता व्हायच्या आधीच बसतो, आमच्या प्लांटमध्येच, कारण दीडशे-एकशे साठ डिग्रीला तापलेल्या खडीवर डांबराचा थर बसतो तो दहा मायक्रॉनच्या आसपास, एवढा पातळ थर आणि एवढी गरमी म्हणल्यावर म्हातारपण पहिल्याच दिवशी सुरू. यासाठी लॅबमध्ये वेगळी टेस्टच आहे, १६३ डिग्रीला ८५ मिनिटं बाटल्या फिरवत ठेवायच्या, म्हणजे प्लांटमधलं म्हातारपण कळतं. आणि रस्त्यावरची पुढची वर्षं बघायची तर त्याच डांबराला प्रेशर कुकरसारख्या भांड्यात हवा दाबून २० तास. आमच्याकडं हे दोन्ही नाही, धारवाडकडं सॅम्पल पाठवावं लागतं.

माझे आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते, त्यांच्या पायात कायम अथणीचं चप्पल. (कोल्हापुरी चप्पल म्हणतात पण ते बनवणारी बरीच माणसं आमच्या बेळगाव जिल्ह्यात आहेत, २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकाचे पण चार जिल्हे त्यात आले, त्यात बेळगाव आहे, त्यावरून पण थोडी धुसफूस झाली, असो.) आजोबा दर अमावास्येला चपलेला तेल लावायचे. चांगलं असलं तरी लावायचे. मी एकदा म्हणलं आजोबा अजून कुठं फाटलंय, तर म्हणाले फाटल्यावर तेल लावून काय भाजी करणार काय. आणि मी हुशारी करून माझ्या चपलेला एकदाच भरपूर तेल पाजलं तर चामडं पिळपिळीत झालं, अंगठा सैल, चालताना पट पट आवाज.

डांबराचं डिट्टो असंच आहे. तेल कमी झालं की कडक होतं, केसासारखी तडा जाते, जी डोळ्याला दिसत पण नाही. मग त्यातनं पाणी. मग तड्यांची जाळी. मग खड्डा. आणि आधीच जास्त तेल घालून ठेवलं तर एप्रिलच्या उन्हात रस्ता मऊ होऊन चाकोरी पडते. म्हणजे तेल पाहिजे, पण आज नको, सहा-सात वर्षांनी पाहिजे, आणि तेही जिथं तडा गेली तिथंच पाहिजे.

मग कुणी म्हणेल सहा वर्षांनी वरून फवारा की वो. फवारतात की, असली तेलं आहेत, इंग्रजीत रिज्युव्हनेटर म्हणतात, जुनं डांबर खरवडून परत वापरताना पण घालतात, त्याच्यावर आयआरसीचं, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं, १२० नंबरचं पुस्तक आहे २०१५ चं. पण वरून फवारलेलं तेल वरच्या एक-दोन सेंटीमीटरच्या पुढं जात नाही, रस्ता काही तास बंद ठेवावा लागतो, आणि वरचा थर निसरडा होतो तो वेगळाच. हे सगळं झालं तरी मुख्य गोष्ट राहतेच. सहा वर्षांनी परत येतंय कोण? उद्घाटनाला सगळे येतात. नारळ फोडायला स्टेजवर जागा पुरत नाही. सहा वर्षांनी, रस्ता वरून चांगला दिसत असताना, नुसतं तेल पाजायला म्हणून आलेला माणूस मी सोळा वर्षांत एक पण बघितला नाही. खड्डा पडला, पेपरात फोटो आला, कुणीतरी खड्ड्यात रोप लावलं, मग पॅच मारायला येतात.

कॅप्सूलची सगळी गंमत मला इथं वाटली. रस्ता करतानाच त्यात पुढच्या देखभालीचं सामान भरून ठेवायचं. परत यायचं नाहीच आहे तर डबा बांधून दिलेला बरा, पहाटेच्या एसटीनं जाणाऱ्या पोराला आई भाकरी बांधून देते तसं.

बाहेरच्या देशात यावर बरीच वर्षं काम चाललंय. नेदरलँड्सचे डेल्फ्ट विद्यापीठवाले यात पुढं. त्यांनी आधी दुसराच मार्ग काढला होता, डांबरात लोखंडी तारकूस मिसळायची, ती भांडी घासायची असते तसली बारीक, आणि वरून चुंबकीय मशीन फिरवलं की तारकूस तापते, डांबर पाघळतं, तडे बुजतात. ए५८ नावाच्या हायवेवर २०१० मध्ये तसा तुकडा टाकून बघितला. पण त्याला परत मशीन घेऊन यावंच लागतं, म्हणजे आमचा मूळ प्रश्न जागच्या जागी. कॅप्सूलमध्ये तेवढं बरं. इंग्लंडात नॉटिंगहॅम विद्यापीठात सूर्यफुलाच्या तेलाच्या कॅप्सूल करून बघितल्या, आणि २०२५ च्या सुरवातीला लंडनचं किंग्ज कॉलेज आणि स्वॉन्झी विद्यापीठ आणि चिलीचे शास्त्रज्ञ मिळून केसापेक्षा बारीक वनस्पतींच्या बीजाणूंत वापरलेलं तेल भरून डांबरात घातलं, लॅबमध्ये बारीक तडा तासाभराच्या आत बुजली म्हणे. ती बातमी वाचूनच पिंट्याच्या डोक्यात हे शिरलं होतं. बातमीत लॅबमध्ये हा शब्द होता तो त्याच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये नव्हता.

कॅप्सूल दोन तऱ्हेच्या. एक म्हणजे द्राक्षासारखी, वर साल आत तेल, तडा तिच्यापर्यंत आली की साल फुटते आणि तेल तडेत ओढलं जातं, दिव्याच्या वातीत चढतं तसं. फुटली की संपली. दुसरी पपनसाच्या फोडीसारखी, आत बारीक बारीक कळ्या, प्रत्येकीत थोडं तेल. वरून गाडी गेली, दाबली गेली, थोडं सुटलं, परत गाडी, परत थोडं. ही दुसरी जात अल्जिनेटची, समुद्रातल्या तपकिरी शेवाळातनं काढतात ते. डेंटिस्ट दाताचं माप घेताना तोंडात जो गुलाबी लगदा कोंबतो तो अल्जिनेटचाच, आणि आजकाल कॉलेजची पोरं बोबा नावाचं सरबत पितात त्यातले फुटणारे मोती पण तेच. म्हणजे माल मिळतो, ऑनलाइन मिळतो, आणि म्हणूनच आम्ही ओट्यावर बसलो होतो.

कृती सांगतो. पाण्यात सोडियम अल्जिनेटची पावडर, थोडी थोडीच, नाहीतर गुठळ्या होतात, बेसन कालवताना होतात तशा. त्यात तेल. मिक्सरमधनं फिरवून दुधासारखं पांढरं करायचं (मिक्सरचं भांडं चटणीचं होतं, पहिल्या घाण्याला लसणाचा वास येत होता, संशोधनात हे लिहीत नाहीत). दुसऱ्या पातेल्यात कॅल्शियम क्लोराईडचं पाणी. आता या पांढऱ्या दुधाचा थेंब त्या पाण्यात पडला की कॅल्शियम लगेच अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकांत अडकवतं आणि थेंब जागच्या जागी गोळी होतो. बघायला लई मजा येते, खोटं नाही सांगत.

थेंब पाडायचा कसा यावर आमचा अर्धा दिवस गेला. पिंट्यानं सिरिंज आणली होती, बोट दुखायला लागलं. मी म्हणलं बुंदीचा झारा घे. झाऱ्यातनं पडले पण सगळे शेपटीवाले, बेडकाची पिल्लं असतात तसे, आणि एकमेकांना चिकटले. शेवटी आई पुढं आली आणि म्हणाली झारा इतका खाली धरून बुंदी कोण पाडतंय, वर धर की. वर धरला तर अर्ध्या अधिक गोल व्हायला लागल्या. बाकीच्यासाठी सलाईनची नळी लावली, ते चाकाचं बटण फिरवून थेंब कमी जास्त करता येतो ना, ती, आणि उलटी बाटली वरच्या कपाटाच्या कडीला टांगली. रात्री नऊपर्यंत दोन-अडीच मिलिमीटरच्या गोळ्यांचं एक ताट झालं. घर हॉस्पिटलसारखं दिसत होतं.

मग वाळवायच्या. जुलै महिना, बेळगाव, इथं टॉवेल चार दिवस वाळत नाही. पेपरवर पसरून पंख्याखाली ठेवल्या, तिसऱ्या दिवशी पण आतनं ओल्याच. आणि आम्ही दोघं उतावळे. प्लांटवर नेल्या, दीडशेच्या वर तापलेल्या मिक्समध्ये टाकल्या, आणि ओली पुरी तेलात सोडल्यावर होतं तेच झालं, ताड ताड ताड, डांबर उडून माझ्या मनगटावर बसलं. बर्फाचं पाणी ओतत बसलो, डांबर ओढून काढायचं नसतं, कातडी निघते बरोबर, हे लॅबमधल्या नवीन पोरांना मी स्वतः सांगतो. डाग अजून आहे. आमचा रोलरवाला हुक्केरीकडचा, तो दारात उभा राहून बघत होता, "एन्री सर इदु?", काय हो सर हे, म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता गेला.

दुसऱ्या खेपेला गोळ्या ओव्हनमध्ये ४० डिग्रीला ठेवून नीट वाळवल्या, आकसून मोहरीपेक्षा जराशा मोठ्या झाल्या, पिवळसर, कडक. १२०० ग्रॅम मिक्सला ६ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का. मार्शलच्या साच्यात भरून एका बाजूला ७५ ठोके, उलटून ७५ ठोके. मला वाटलं होतं साडेचार किलोच्या हातोड्याखाली सगळ्या फुटणार. थंड झाल्यावर एक मोल्ड, म्हणजे साच्यातनं निघालेला ठोकळा, फोडून भिंग लावून बघितलं तर काही चपट्या झालेल्या, काही खडीच्या दोन दाण्यांत सापडून फुटलेल्या, पण बऱ्याच शाबूत. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की यात काहीतरी आहे.

तडा बुजते का ते बघायला मोल्ड गोठवून तोडायचा असतो, म्हणजे सरळ तुटतो, पसरत नाही. आमच्या लॅबला फ्रीज नाही. तर दोन मोल्ड, एक गोळ्यांचा, एक बिनगोळ्यांचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आईच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तोडले, जोडून गच्चीवर ठेवले, वर एकेक वीट. मध्ये पावसानं उघडीप दिली होती, चांगलं ऊन. आठ दिवसांनी उचलले तर गोळ्यांचा मस्त चिकटला होता. पिंट्या नाचायला लागला. मग दुसरा उचलला. तो पण चिकटला होता.

पोराचं तोंड उतरलं. पण मला खरं तर तिथंच गोष्ट कळली. नवीन डांबर मुळातच आपलं आपण भरून येतं, फक्त त्याला गरमी पाहिजे आणि विश्रांती पाहिजे. जानेवारीत पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या बारीक रेषा एप्रिलमध्ये दिसत नाहीत बघा, दुपारचं ऊन आणि वरून टायरचं मळणं, त्यात बुजतात. आमच्याकडची गरमी डांबराला म्हातारं पण लवकर करते आणि आहे तोवर बरं पण तीच करते. थंड मुलखात हे दुसरं काम फारसं होत नाही. तर कॅप्सूलचा फरक बघायचा असेल तर आधी डांबर म्हातारं करायला पाहिजे, त्याची रीत आहे, सुटं मिक्स १३५ डिग्रीला ४ तास आणि मग मोल्ड ८५ डिग्रीला ५ दिवस ओव्हनमध्ये. मी मालकाला विचारलं. मालक म्हणाले पाच दिवस ओव्हन चालू ठेवून लाईट बिल कुणाच्या नावावर टाकायचं, रस्त्याच्या? विषय संपला. पिंट्यानं रिपोर्टमध्ये दोन्ही मोल्ड चिकटले असं खरं खरं लिहिलं आणि त्याच्या गाईडनं त्याला कमी मार्क दिले की जास्त ते तो मला सांगत नाही, म्हणजे कमीच असणार.

आता माझं मत विचाराल तर ऐका. आमच्या भागातले बरेचसे रस्ते म्हातारे होऊन मरतच नाहीत. बालमृत्यू आहे हा. जांबोटी-कणकुंबीकडं जा पावसाळ्यात, मलप्रभा उगम पावते तिथं, पाऊस काय असतो ते बघा. तिथं साईडचं गटार बुजलेलं असलं, साईडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असली, की पाणी रस्त्यावरच थांबतं, खडी आणि डांबराच्या मधी शिरतं, वरून टायर गेला की पंपासारखं दाबलं जातं आणि डांबर खडीला सोडून देतं. खडी मोकळी. ते डांबर अजून कोवळंच असतं, त्यात तेल भरपूर असतं, सुई टोचली तर खोल जाईल. त्याला कॅप्सूलमधलं चमचाभर तेल देऊन काय करणार? पाण्यात बुडालेल्याला च्यवनप्राश. त्याला फावडं पाहिजे, गटार काढायला, आणि ते मे महिन्यात पाहिजे.

आणि चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी तिकडं ऊसवाले. पाऊस कमी, ऊन जास्त, माती काळी. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, टेप मोठ्यानं लावलेला, आणि चाल बैलगाडीची. लोकांना वाटतं हळू जातो म्हणजे रस्त्याला त्रास कमी. उलट आहे. डांबर हे असं आहे की पटकन दाबलं तर ताठ राहतं आणि हळूहळू दाबत बसलं की सरकतं, वजन जितका वेळ एका जागी तितकी चाकोरी खोल. तिथं गोळ्या दाबल्या जाऊन तेल लवकर सुटलं तर आधीच मऊ रस्ता अजून मऊ. म्हणून अर्धा टक्का की पाव टक्का, हा आकडा नेदरलँड्सचा उचलून अथणीला चालणार नाही, तिकडच्या डांबरावर, तिकडच्या उन्हात, ट्रॉलीच्या वजनाखाली बघावा लागेल.

मग उरतात कुठले? पी. बी. रोडसारखे, म्हणजे आजचा ४८ नंबरचा हायवे, जिथं खालचा पाया चांगला, पाणी निघून जातं, थर जाड. असे रस्ते खरंच वयानं मरतात, वर करडे पडतात, मग बारीक रेषा. आणि शहरातल्या काही जुन्या गल्ल्या, जिथं खाली दगडी सोलिंग आहे, म्हणजे दगड रचून केलेला पाया, आणि उतार आहे. तिथं कॅप्सूलला काम आहे असं मला मनापासून वाटतं. पण तिथंही पहिला अडथळा तेल नाही, गोळी नाही, टेंडर आहे. बीओक्यूमध्ये, म्हणजे टेंडरच्या कामांच्या यादीत, आयटम नाही तर रेट नाही, रेट नाही तर बिल नाही, आणि बिल नसलेली वस्तू कुठला कॉन्ट्रॅक्टर घालेल, तो काय पुण्य करायला बसलाय? शिवाय गोळी आत आहे की नाही हे वरून दिसत नाही. आत न दिसणाऱ्या वस्तूचं बिल निघतं पण वस्तू पडत नाही असं आमच्या धंद्यात कधी कधी होतं, एवढंच लिहितो, उद्या मला कामावर जायचंय.

उरलेल्या गोळ्या मी टाकल्या नाहीत. दिवाळी झाल्यावर आमच्या गल्लीत घरासमोर दोन खड्डे होते, शेजारी शेजारी, पाटाएवढे. प्लांटवरनं परत येताना डब्यात गरम मिक्स आणलं, कडा चौकोनी कापल्या, झाडलं, चिकटायला इमल्शनचा, म्हणजे पाण्यातल्या पातळ डांबराचा, टॅक मारला, एकात साधं आणि एकात गोळ्या घातलेलं, आणि गल्लीतल्या पोरांना उड्या मारायला लावून मग धुम्मसनं ठोकलं. गोळ्यांच्या पॅचला कोपऱ्यात पिवळ्या ऑइल पेंटनं टिंब. शेजारचे काका रोज सकाळी दूध आणायला जाताना त्या टिंबावर पाय ठेवून जायचे, म्हणायचे बघ रे तुझ्या औषधाला व्यायाम देतोय. ठरवलं होतं पाच-सहा वर्षं बघायचं, दर दिवाळीला फोटो काढायचा.

सहा महिने टिकला. मे महिन्यात पाण्याची पाइप टाकायला म्हणून जेसीबी आला आणि गल्लीच्या मधोमध सरळ रेषेत खोदत गेला, दोन्ही पॅच घेऊन. मी कामावर होतो. आईनं फोन केला, "तुझा रस्ता नेला रे."

संध्याकाळी आलो तर मातीच्या ढिगात पिंट्या आधीच उकिडवा बसलेला, चंदगडहून आला होता, पिवळं टिंब शोधत. सापडला तुकडा, तळहाताएवढा. पायरीवर ठेवून छिन्नीनं फोडला. कडेला दोन-तीन रिकामी भोकं होती, आणि आत एक गोळी अख्खी, काळी झालेली, चपटी. त्यानं ती नखानं काढली आणि अंगठ्यावर दाबली. थोडी चिवट होती, मग फुटली, आणि अंगठा ओला झाला. आईनं हात पुढं केला म्हणून तिच्या नाकाजवळ नेला. म्हणाली, आता ह्याला डांबराचा वास येतोय.